शूटिंगचा विमा: कॉल शीटपासून क्लेमपर्यंत

मुंबईत बहुतेक निर्मात्यांना विमा आठवतो तो कुणीतरी कागद मागितल्यावर. कॅमेरा भाड्याने देणारा विचारतो, रेल्वेच्या परवानगीच्या अटींत तो असतो, ओटीटीच्या कराराच्या परिशिष्टात एक अख्खं पान त्यावर असतं. मग शूटिंगला चार दिवस उरले असताना ‘एक पॉलिसी काढून टाका’ असा निरोप जातो आणि पॉलिसी निघतेही. परवानगीची फाइल पुढे सरकायला ती पुरते, पण क्लेमच्या वेळी पुरेलच असं नाही. क्लेमचं भवितव्य बरंचसं आधीच ठरलेलं असतं. प्रस्ताव फॉर्ममध्ये काय सांगितलं, पॉलिसीत कुणाची नावं घातली आणि सेटवर रोज काय लिहून ठेवलं, या तीन गोष्टींवर ते ठरतं. हा लेख त्याच क्रमाने जातो.

आधी स्वतःची यादी

ब्रोकरला फोन करण्याआधी चार कागद समोर घ्या: स्क्रिप्टचं ब्रेकडाउन (सीनवार फोड), शेड्यूल, बजेट आणि आतापर्यंत सही झालेले सगळे करार. ब्रेकडाउनमधून स्टंट, आग, पाणी, बोट, ड्रोन, लहान मुलं, जनावरं, धावत्या गाड्या असे सीन वेगळे काढा. करारांमधून ‘नुकसान झाल्यास निर्माता भरपाई देईल’ अशा अर्थाची प्रत्येक ओळ अधोरेखित करा. बंगल्याच्या मालकाच्या करारात ती असते, लाइट आणि कॅमेऱ्याच्या चलनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते, स्टुडिओच्या करारातही असते. प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा: हे बिघडलं तर पैसे कुणाचे जाणार, आणि ते मागायला कोण येणार.

हे काम चार ते सहा आठवडे आधी सुरू करावं. मुख्य कलाकारांची वैद्यकीय तपासणी, कंपनीचे प्रश्न, त्यावरची उत्तरं, कोटेशन बदलून घेणं यात वेळ जातो. आणि प्रीमियम भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी तेच सांगतं. ‘चेक पाठवतोय, कव्हर चालू करा’ याला अर्थ नाही.

एजंट विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, परवानाधारक ब्रोकर तुमचा. फिल्मच्या विम्यासाठी ब्रोकरच घ्यावा, आणि आधी सेटवरचे क्लेम हाताळलेला. त्याचं कमिशन विमा कंपनी देते, तुमच्याकडून वेगळी फी मागण्याचं कारण नसतं. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो बजेटमध्ये धरा. छोट्या मराठी चित्रपटाच्या बजेटमध्ये विम्याची ओळच नसते, ‘किरकोळ’मध्ये ती कुठेतरी विरून जाते. बजेटचे दोन टक्के बाजूला काढून ठेवावेत असं आमचं मत आहे. कोटेशन कमी आलं तर उत्तम.

पॅकेजच्या आत काय असतं

‘फिल्म पॅकेज पॉलिसी’ हे एका कव्हरचं नाव नाही. ती वेगवेगळ्या विभागांची मोट असते. प्रत्येक विभागाची रक्कम वेगळी, वजावट (क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा भाग) वेगळी, अटी वेगळ्या. दोन कोटेशनांची एकूण रक्कम ताडून काही कळत नाही, विभागवार ताडून पाहावं लागतं.

कलाकार आणि दिग्दर्शक. नाव जाहीर केलेली व्यक्ती आजारपण, अपघात किंवा मृत्यूमुळे काम करू शकली नाही, तर वाढीव खर्च या विभागातून मिळतो. कव्हर फक्त जाहीर केलेल्या नावांना असतं. दिग्दर्शक आणि डीओपी (छायाचित्रण दिग्दर्शक) यांची नावं घालायला लोक विसरतात, आणि नेमका दिग्दर्शकच डेंग्यूने आडवा झाला की शोधाशोध सुरू होते. पावसाळ्यातल्या मुंबईत ही दूरची शक्यता नाही. आधीपासूनचा आजार, गर्भधारणा, नशेत झालेला अपघात आणि न कळवलेला स्टंट सहसा वगळलेला असतो. कलाकाराने डेट्स दुसऱ्याला दिल्या, भांडण झालं, मानधनावरून तो आलाच नाही, यातलं काहीही या विम्यात बसत नाही.

भरपाईचा हिशेब उदाहरणाने बघू. समजा दिवसाचा खर्च ६ लाख रुपये आहे आणि नायिकेचा पाय मुरगळल्यामुळे पाच दिवस काम बंद पडलं. निर्माता ३० लाख मागतो. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा तपासनीस, त्यातून वाचलेला खर्च काढतो: जेवण, डिझेल, न आलेले ज्युनियर आर्टिस्ट. तो दिवसाला १ लाख धरला तर २५ लाख उरतात. त्यावर वजावट, म्हणजे एक्सेस, १० टक्के असेल तर हातात साडेबावीस लाख येतात. आणि त्याआधी सर्व्हेअर एक प्रश्न विचारणारच: त्या पाच दिवसांत नायिकेशिवायचे सीन का नाही घेतले? याचं लेखी उत्तर नसेल तर रक्कम आणखी कापली जाते. नुकसान कमी करण्याचा प्रयत्न करणं हे विमाधारकाचं कर्तव्य मानलं जातं.

कॅमेरा, लाइट, साउंड. इथे सगळ्यांत मोठी चूक म्हणजे कमी रकमेचा विमा. भाड्याने आलेल्या सामानाची आजची नवी किंमत १ कोटी आहे आणि प्रीमियम वाचवायला तुम्ही ६० लाखांचाच विमा काढला. मग १० लाखांची लेन्स फुटली तर मिळतात ६ लाख, तेही एक्सेस वजा होण्याआधी. जेवढ्या प्रमाणात विमा कमी, तेवढ्याच प्रमाणात क्लेम कमी. सामान देणाऱ्याकडून प्रत्येक वस्तूची सिरियल नंबरसह किंमत लिहून घ्या आणि नुकसान झाल्यास तो नवी किंमत मागणार की घसारा वजा करून, हेही विचारा. तो नवी किंमत मागतो आणि पॉलिसी घसारा कापते, ही तफावत निर्मात्याच्या खिशातून जाते. दुरुस्ती होईपर्यंतचं भाडं तो लावतो, तेही बहुतेक पॉलिसींत वेगळं मागून घेतल्याशिवाय मिळत नाही.

चोरीच्या अटी नीट वाचा. रात्री टेम्पोत सामान ठेवून ड्रायव्हर घरी गेला, अशा बिनराखणीच्या गाडीतली चोरी सहसा नाकारली जाते. कुलूप किंवा काच फोडल्याची खूणही मागतात. मढ किंवा कर्जतला मुक्कामाचं शूटिंग असेल तर गाडीवर रात्रभर माणूस बसवा आणि त्याची सही हजेरीपत्रकात घ्या.

सेट, कपडे, प्रॉप्स. थर्माकोल, प्लाय, कापड, रंग आणि वर तापलेले लाइट. सेटला आग लागायला आणखी काही लागत नाही. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला सप्टेंबर २०१७ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांचे पोशाख आणि वस्तू जळाल्या. अशा वस्तूंचं बाजारमूल्य काढता येत नाही. त्यामुळे पिरियड चित्रपटासाठी कुणाकडून आजीची नऊवारी किंवा जुने दागिने आणले असतील, तर त्यांची किंमत आधीच विमा कंपनीशी ठरवून पॉलिसीत लिहून घ्या. सेटचं मूल्य सांगताना सुतार-रंगाऱ्यांची मजुरी आणि जळका मलबा उचलण्याचा खर्चही धरावा. मलब्याचा खर्च हा वेगळा मुद्दा असतो, तो मागावा लागतो.

दुसऱ्याची मालमत्ता. या विभागावरून सर्वांत जास्त गैरसमज होतात. सार्वजनिक दायित्वाची साधी पॉलिसी रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली किंवा शेजारच्या गाडीवर स्टँड पडला तर उपयोगी पडते. पण जो बंगला तुम्ही भाड्याने घेतला आहे तो तुमच्या ‘ताब्यातली मालमत्ता’ ठरतो, आणि अशी मालमत्ता त्या पॉलिसीतून वगळलेली असते. गिरगावातल्या चाळीच्या जुन्या लाकडी जिन्यावरून ट्रॉलीचे रूळ नेताना पायरी तुटली, तर त्यासाठी लोकेशनच्या नुकसानीचं वेगळं कव्हर हवं. मालकाने विचारलं तर त्याचं नाव सह-विमाधारक म्हणून टाकून द्या.

गाड्यांमुळे झालेली इजा मोटार पॉलिसीतूनच भरली जाते, त्यामुळे व्हॅनिटी, जनरेटर व्हॅन आणि टेम्पोच्या पॉलिसींच्या प्रती आधीच मागवा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने वापरली असेल तर तिच्या मालकाची विमा कंपनी हात झटकू शकते. ड्रोनचं वेगळं आहे: २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडून बाकींना थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विमानतळाच्या आसपासच्या मोठ्या पट्ट्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि बेकायदा उड्डाणात झालेला अपघात विम्यात बसत नाही.

कामगार. समूह वैयक्तिक अपघात विमा काढला की काम झालं असं प्रॉडक्शनमध्ये समजलं जातं. तसं नाही. तो माणसाला मिळणारा लाभ आहे, तुमची कायदेशीर जबाबदारी त्याने संपत नाही. ती जबाबदारी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातून आली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती सामावली आहे. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसारचा गुणांक, असं सूत्र आहे. २०२० च्या अधिसूचनेत हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरलं आहे. ३० व्या वर्षाचा गुणांक २०७.९८. म्हणजे तीस वर्षांचा लाइटमन वरून पडून गेला तर ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. तो ठेकेदाराचा माणूस होता असं म्हणून सुटका होत नाही. मुख्य मालक म्हणून निर्मात्याला आधी भरावं लागतं, मग ठेकेदाराकडून वसूल करायचं. वेळेत रक्कम जमा केली नाही तर वर दंड बसू शकतो, तो साधारणपणे विमा कंपनी देत नाही.

या पॉलिसीचा प्रीमियम जाहीर केलेल्या वेतनावर ठरतो. स्पॉट दादा, सेटिंगवाले, लाइटमन, फायटर, ड्रायव्हर, सगळ्या गटांची माणसं आणि मजुरी खरी सांगा. फॉर्मवर चाळीस माणसं आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर, पंच्याऐंशी असतील तर अपघाताच्या दिवशी त्या फरकावरच बोट ठेवलं जातं. फायटर आणि डुप्लिकेटची जोखीम वेगळी असते, त्यांचा उल्लेख स्वतंत्र हवा.

डेटा. पूर्वी निगेटिव्हचा विमा असायचा, आता कार्ड आणि ड्राइव्हचा. हार्ड डिस्क जळाली, पडली, चोरीला गेली तर पुन्हा शूट करण्याचा खर्च मिळतो. पण अट असते: पडताळणी केलेल्या किमान दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. डीआयटीने (सेटवर डेटा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने) घाईत फॉरमॅट मारलं तर तो मानवी चुकीचा प्रश्न होतो, आणि बऱ्याच पॉलिसींत ही चूक वगळलेली असते. ती समाविष्ट करून घेता येते का, हे लेखी विचारा. दोन्ही प्रती एकाच बॅगेत, एकाच टॅक्सीतून पाठवू नका.

हवामान आणि बंद. बाहेरच्या सीनसाठी पावसाचं कव्हर मिळतं, पण जून ते सप्टेंबर मुंबईत ते महाग पडतं. किती मिलिमीटर पाऊस, किती तासांत, कुठल्या केंद्राची नोंद, हे पॉलिसीत ठरलेलं असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कुलाब्याची नोंद तुमच्या गोरेगावच्या सेटला लागू होईलच असं नाही, म्हणून केंद्राचं नाव आधी बघा. दंगल, संप, मोर्चा यांचं कव्हर सहसा जोडता येतं. दहशतवादाचं वेगळं घ्यावं लागतं, त्यासाठी देशात २००२ पासून विमा कंपन्यांचा एक सामायिक पूल आहे. साथीचे रोग २०२० नंतर बहुतेक ठिकाणी वगळले गेले आहेत. चित्रनगरीत बिबट्या येण्याच्या बातम्या आपण वाचतो. लोक घाबरून पळाले, काम दोन तास थांबलं, पण काही मोडलं नाही, तर साध्या पॉलिसीत क्लेम नाही.

आशयावरचे दावे. बदनामी, कॉपीराइट, खासगीपणाचा भंग, नावावरून वाद, यासाठी एरर्स अँड ओमिशन्स नावाची वेगळी पॉलिसी असते. ओटीटी प्लॅटफॉर्म ती जवळजवळ नेहमी मागतात. ती दावा केव्हा आला त्यावर चालते, चूक केव्हा झाली त्यावर नव्हे. त्यामुळे प्रदर्शनानंतरही काही वर्षं चालू ठेवावी लागते. आधीच माहीत असलेला वाद लपवला तर संपूर्ण पॉलिसी धोक्यात येते. विमा कंपनीला हक्कांची साखळी दाखवावी लागते: मूळ कथा, लेखकाचा करार, संवाद, संगीत, दिसणाऱ्या चित्रांची आणि ब्रँडची परवानगी. चित्रपटाचं नाव निर्मात्यांच्या संघटनेत नोंदवलं म्हणून ते तुमचं झालं, असं नव्हे. केवळ शीर्षकावर कॉपीराइट सांगता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं आहे. प्रदर्शन थांबवणारी आंदोलनं आणि फौजदारी दंड या पॉलिसीत बसत नाहीत.

प्रस्ताव फॉर्म

फॉर्म ऑफिसातल्या नव्या मुलाकडून भरून घेऊ नका. कार्यकारी निर्माता, अ‍ॅक्शन डायरेक्टर आणि अकाउंटंट यांनी एकत्र बसून भरावा. ‘स्टंट आहेत का?’ या प्रश्नाला ‘किरकोळ’ असं उत्तर देणं सर्वांत धोक्याचं. सीन नंबर, उंची, गाडीचा वेग, केबल, फायर एक्स्टिंग्विशर, रुग्णवाहिका, सगळं लिहा. खरं सांगितल्याने प्रीमियम थोडा वाढेल, पण माहिती लपवली हे कारण कंपनीच्या हातात राहणार नाही. शूटिंगच्या मध्ये सीन वाढला, लोकेशन बदललं, नायक बदलला, तर कॉल शीट (त्या दिवसाच्या शूटिंगचा तपशील) निघण्याआधी ईमेल करा आणि एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कंपनीचा कागद, हातात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रोकरने ‘ओके’ म्हटलं, ते एंडोर्समेंट नव्हे.

पॉलिसी आल्यावर पहिल्यांदा तिच्या तपशिलाचं (पॉलिसी शेड्यूलचं) पान बघा. विमाधारकाचं नाव करारांवर आहे तेच आहे का? निर्मितीसाठी वेगळी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) काढली असेल तर विमा तिच्याच नावावर हवा. सुरुवातीची तारीख प्री-प्रॉडक्शन आणि सेट उभारणी धरून आहे का? शेवटची तारीख पॅचवर्क (राहिलेलं शूटिंग) आणि मास्टर (अंतिम प्रत) देईपर्यंत पोहोचते का? मग प्रत्येक विभागाचा एक्सेस, आणि त्यानंतर वगळलेल्या गोष्टी. बाकीची पानं शांतपणे वाचली तरी चालतील. शूटिंगचं शेड्यूल लांबलं तर मुदतवाढ पॉलिसी संपण्याआधी घ्यायची. संपल्यावर मागितली तर मधले दिवस उघडे राहतात.

सेटवर रोज

क्लेमचा पुरावा सेटवरच तयार होतो. कॉल शीट, रोजचा प्रॉडक्शन रिपोर्ट, मस्टर, सामानाची आवक-जावक चलनं आणि डीआयटीची प्रत-नोंद, या पाच गोष्टी रोज रात्री एका फोल्डरमध्ये गेल्या पाहिजेत. प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये काम केव्हा थांबलं आणि का, हे वेळेसह लिहा. ‘टेक्निकल प्रॉब्लेम’ असं लिहिलेलं असेल तर महिन्याभराने सर्व्हेअरला त्यातून काहीच कळत नाही. लोकेशन ताब्यात घेताना मालकाच्या माणसाला सोबत घेऊन भिंती, फरशी, फर्निचर यांचा व्हिडिओ काढा, आणि परत देतानाही. दोन्हींत तारीख बोलून घ्या.

नुकसान झाल्यावर

पहिली गोष्ट माणसं सुरक्षित करणं, दुसरी नुकसान वाढू न देणं. तिसरी, त्याच दिवशी ब्रोकर आणि विमा कंपनीला ईमेलने कळवणं. पूर्ण आकडा माहीत नसला तरी चालेल, अंदाज लिहा.

त्यानंतर जागा साफ करायची घाई नको. सर्व्हेअर येईपर्यंत तुटलेली वस्तू, जळलेली वायर, फाटलेला कपडा ठेवून द्या. शूटिंगसाठी जागा मोकळी करावीच लागली तर सगळ्या बाजूंनी फोटो काढून, ईमेलने कळवून मगच हलवा. बंगल्याचा मालक चिडला की प्रॉडक्शन मॅनेजर त्याला शांत करायला ‘आमचीच चूक, सगळं भरून देऊ’ असं लिहून देतो. हे करू नये. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल केली तर ती त्याच कारणाने क्लेम नाकारू शकते. नुकसान तिसऱ्याच कुणाच्या चुकीने झालं असेल, तर त्याला ‘आमचा काही दावा नाही’ असं लिहून देणंही टाळा. त्याच्याकडून वसुलीचा हक्क पुढे विमा कंपनीचा असतो.

चोरी असेल तर एफआयआर हवा. मुंबई पोलिसांच्या ऑनलाइन यंत्रणेतून मिळणारा हरवल्याचा दाखला म्हणजे एफआयआर नव्हे, आणि त्यावर चोरीचा क्लेम चालत नाही. चोर सापडला नाही तर पोलिसांच्या अंतिम अहवालाची ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, हा शेरा कंपनी मागते. तो मिळायला महिने लागतात, त्यामुळे ठाण्यात पाठपुरावा करणारा एक माणूस नेमून ठेवा. आगीला अग्निशमन दलाचा अहवाल, आजारपणाला डॉक्टरांचं तारखेसह प्रमाणपत्र आणि तपासण्या, पावसाला हवामान खात्याची नोंद.

हिशेब देताना दोन रकान्यांत द्या: घटना झाली नसती तर झाला असता तो खर्च, आणि प्रत्यक्ष झालेला. फरक तेवढाच क्लेम. ज्या बिलांवरचा जीएसटी तुम्हाला इनपुट म्हणून परत मिळतो, तो सर्व्हेअर वजा करतो. भंगाराची किंमतही वजा होते. रोखीने दिलेल्या मजुरीची व्हाउचर सही आणि नावाशिवाय असतील तर ती रक्कम गेली असं समजा, आणि आपल्याकडे नेमकी तीच रक्कम मोठी असते.

क्लेम नाकारला तर

नकाराचं कारण लेखी मागा, आणि पॉलिसीतलं कोणतं कलम ते विचारा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. ‘पूर्ण आणि अंतिम’ अशा पावतीवर सही करण्याआधी थांबा, नंतर वाद काढणं अवघड जातं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं. एकल मालकी किंवा सूक्ष्म उद्योग असाल तर ५० लाखांपर्यंतच्या वादासाठी विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याचं मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे. मोठ्या कंपनीला तो रस्ता बंद.

ग्राहक आयोग मात्र खुला आहे. व्यावसायिक संस्थेने नुकसानभरपाईसाठी काढलेला विमा म्हणजे नफ्यासाठी घेतलेली सेवा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलं. २०१९ च्या कायद्यात आयोगाची पातळी ठरते ती भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे प्रीमियमवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. म्हणून ३ कोटींचा क्लेम असला आणि प्रीमियम ४ लाख असला, तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाते. मुदत दोन वर्षांची. शूटिंग संपलं, युनिट पांगलं, लाईन प्रोड्यूसर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला, अशा वेळी ती दोन वर्षं कशी संपली ते कळत नाही. त्यामुळे पॅक-अपच्या दिवशीच सगळे रिपोर्ट, चलनं आणि ईमेल यांची एक प्रत निर्मात्याच्या स्वतःच्या ड्राइव्हवर जाईल असं बघा.